वुडवूल

मे महिना, सेहेचाळीस अंशांची संध्याकाळ.
नंदनवनातल्या माझ्या वरच्या खोलीत
मी फळ्यावर लिहिलं:
पुल द वूल ओव्हर समवन्स आईज.
आणि विचारलं, काय अर्थ असेल?

अकरा जण. कूलर चालू असूनही वह्यांचेच पंखे.
मेडिकलमधली एक नर्स, बँकेच्या परीक्षेची पोरं,
आणि शेवटच्या बाकावर पुंडलिक उरकुडे,
वय बावन्न, धंदा कूलर दुरुस्ती,
नखांत पिवळ्या कुसळांचे तुकडे.

"वूल म्हणजे आपलं वुडवूल का जी, मॅडम?"
पोरं हसली.
मीही हसले, हे इथे लिहून ठेवते.

नाही, म्हटलं, लोकर. मेंढीची.
डोळ्यांवर लोकर ओढायची, म्हणजे फसवायचं.
आपण धूळ फेकतो, ते लोकर ओढतात.
कोणी सांगतं, तिकडे मोठी माणसं केसांचे टोप घालत,
टोप पुढे ओढला की न्यायाधीशसुद्धा आंधळा.
खरं-खोटं मला माहीत नाही.
वाक्यात उपयोग करा.

पोरांनी केले.
पुढाऱ्याने जनतेच्या, दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या,
चोराने पोलिसांच्या.
व्याकरण बरोबर. वाक्यं मेलेली.

उरकुडे उभे राहिले. मराठीत बोलू का, विचारलं.

"धूळ अलग अन् वूल अलग, मॅडम.
धूळ गेली तं डोळा झोंबते, पाणी येते,
मानसाले समजते का कोणीतरी फेकली.
वूल तं थंड असते.
पाणी टपकते, वारा येते,
ओल्या लाकडाचा वास येते,
झोपच लागते जी.

बेसा रोडच्या प्लॉटच्या टायमाले
त्यानं मले काका म्हटलं.
तर्रीपोहे मागवले. पेन बी त्याचाच.
सोळा पानं इंग्लिश,
जिथं फुली तिथं सही.
मले कुठंच झोंबलं नाही."

कोणी हसलं नाही.
नर्सने वहीत काहीतरी खोडलं.

मग खिडकीत घरघरणाऱ्या माझ्या कूलरकडे बघत
ते इंग्रजीत बोलले,
एकेक शब्द पान्याने कसावा तसा:
"लास्ट इयर आय पुट ओल्ड वूल
इन मॅडम कूलर. न्यू मनी टेक."

पाचशे रुपये. आठवले मला.
एकदम फ्रेश माल, बाई, असं म्हणाले होते तेव्हा,
आणि पहिल्या दोन रात्री
खरंच गार वाटलं होतं.

वाक्य चुकलेलं होतं.
टेकचं टुक करायचं होतं,
मॅडमला एक एस जोडायचा होता.
खडू उचलला आणि हात तसाच राहिला.
चष्म्यावर घाम उतरला होता.
पुसला. पुन्हा उतरला.

खाली जिन्यापाशी माझा बोर्ड आहे:
तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी.
महिन्याचे आठशे.
उरकुडेंचा हा सातवा महिना.

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी आले.
लुनाच्या मागे वुडवूलचं पोतं,
पुढे हँडलला अडकवलेल्या पिशवीत
सोळा पानं, प्लास्टिकच्या घडीत.
पैसे नको म्हणाले. मीही नको म्हणाले.
बराच वेळ आम्ही दोघं नको-नकोच करत होतो.

मग त्यांनी जाळी उघडली.
जुनं वूल काढलं, काळं, पाण्याच्या क्षाराने कडक,
गेल्या दोन उन्हाळ्यांची धूळ धरलेलं.
मी जमिनीवर बसून पहिलं पान घेतलं.

"वाचा ना मॅडम, मोठ्यानं,"
ते पाठमोरेच बोलले.

पहिल्याच ओळीत एक शब्द होता,
लांबलचक, तीन शब्द एकात कोंबलेला.
बी.ए. इंग्रजी, पंधरा वर्षं शिकवते आहे.

"थांबा," म्हटलं,
"मला बघावा लागेल,"
आणि उठून शब्दकोश काढला.